सुधीरचं नासरेथ

गंगापूर रोडला सिग्नलवर अडकलो होतो, तेव्हा फोन आला. सुधीरची आई. "सुधीर गेला. तू ये," एवढंच म्हणाली. तशीच गाडी नाशिक रोडकडे वळवली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. चर्चमधली मंडळी हळू आवाजात म्हणत होती, प्रभूमध्ये निजला. मला मात्र त्या क्षणीही त्याच्या आईचा राग येत होता... माझ्या मित्राला हिनंच इथं जन्मभर डांबून ठेवलं, असं मला कायम वाटायचं. दीड महिना झाला, डोकं शांत होत नाही.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो आणि रविवारी एकाच चर्चला जायचो. सुधीर गणिताचा मास्तर, पण बायबलचा अभ्यास असा की अडलं की पाळकसाहेबही त्याला गाठायचे. तरुणपणी बाहेरगावच्या एका सेमिनरीतून, पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, त्याला शिकवायला बोलावणं आलं. आई म्हणाली, "नको जाऊ." हा गेला नाही. ना वाद, ना कुरकुर. मीच चिडलो. म्हटलं, "अरे, बारा वर्षांच्या येशूनंसुद्धा मंदिरात आईला सुनावलं होतं!"

"सुनावलं ना. आणि मग मुकाट्यानं तिच्याबरोबर नासरेथला घरी गेला," तो हसत म्हणाला. "देव माणूस झाला म्हणजे नुसतं हाडामांसाचं शरीर घेतलं का रे? ज्यानं ती आई घडवली, तो तिचं ऐकत राहिला, वर्षानुवर्षं. मला ते क्रुसाइतकंच मोठं वाटतं."

"पण तू देव नाहीस."

"म्हणून तर मला सोपं जातं."



एका नाताळात पाळकसाहेब आजारी पडले आणि उपदेश सुधीरकडे आला. देहधारणावर, म्हणजे देवाच्या माणूस होण्यावर, तो असा रंगून बोलत होता की पोरंसुद्धा चुळबुळ विसरली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आईचा आवाज आला, "सुधीर, आटप आता. लोकांचे सैपाक राह्यलेत." त्यानं वाक्य अर्धं सोडलं, "आमेन" म्हटलं आणि खाली उतरला. सगळे पोट धरून हसले, तोही हसला. मला ते वाक्य पुरं ऐकायचं होतं.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो, मनातलं एकदा बोलून टाकायचंच म्हणून. तिनंच सुरुवात केली. चांदवडकडच्या माहेरची बोली तिनं कधी सोडली नाही.

"तू माझ्यावर चिडलाय, कळतं मला. तवा त्याचे वडील नुकते गेलेले. मला एकटीला लय भ्या वाटायचं, म्हनून म्हनले, नको जाऊ. पुढं भ्या गेलं... पन त्यानं परत इचारलंच नाय. मी वाट पाह्यली, आज इचारल, उद्या इचारल. इचारलं असतं तर जा म्हनले असते रे."

"मग मावशी, तुम्हीच का नाही सांगितलं?"

"त्याला वाटलं असतं, आईला नकोसा झालो."

इतकी वर्षं दोघं एका घरात राहिले, एका ताटात जेवले, आणि एवढं बोलायचं राहून गेलं. आता चिडायचं तरी कुणावर? त्याच्यावर चिडावं, तर तो नाही. मला तिथं बसवेना. मी उठलो.

"जेवून जा," ती म्हणाली.

एक घासही उतरला नसता. नको म्हणायला तोंड उघडलं... आणि भिंतीलगतच्या सुधीरच्या खुर्चीवर जेवायला जाऊन बसलो.