एकविसावा मोदक

जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या साच्यातून निघालेली आहे, आणि जी वाकडी दिसते तिचा साचा चुकलेला आहे, यावर आमच्या वरच्या भावजींची जितकी श्रद्धा होती तितकी ब्रह्मदेवाचीही स्वतःच्या कामावर नसेल. भावजी म्हणजे काही रक्ताच्या नात्याचे नव्हेत. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर, आणि आमचे हे व ते एकाच कारखान्यात, एवढंच नातं. गाडीचा दरवाजा ज्या पोलादी साच्यात दाबून काढतात तो साचा बनवणं हे त्यांचं काम. ते काम संध्याकाळी कारखान्यातच सोडून घरी यावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. चारचौघांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला मापं घ्यायचा छोटा व्हर्नियर. मी हौसेनं दिवाळीच्या करंज्या वर नेऊन दिल्या, तर या गृहस्थांनी खाण्याआधी एक मोजली! "वहिनी, चव फर्स्ट क्लास असणार. पण कड दोन मिलिमीटर मागेपुढे आहे." मी म्हटलं, "भावजी, करंजी खायची असते, गाडीला बसवायची नसते." त्यावर "गेनाऊ!" म्हणाले आणि चार खाल्ल्या. 'अगदी बरोब्बर' या अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला होता की सत्यनारायणाच्या कथेलाही ते मधूनमधून "गेनाऊ" म्हणून मान डोलवायचे.

आमच्या भागात जिना आणि तळघर झाडायची आठवड्याची पाळी असते. माझी पाळी संपली की भावजी कामावर जाता जाता दारात थांबून म्हणायचे, "वहिनी, नववी पायरी." बस, एवढंच. मी चडफडत झाडू घेऊन नवव्या पायरीकडे जायची, आणि मेलं खरंच तिथे कोपऱ्यात कचरा असायचा. स्वतःची पाळी नसली तरी ते सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास तळघरात असत. काय करता, म्हणून विचारलं तर "झाडतोय." सोबतीला तळमजल्यावरचे जर्मन आजोबा. ते निवृत्त होईपर्यंत दातांच्या कवळ्या बनवायचे. या दोघांना एकमेकांत काय सापडलं होतं कोण जाणे, पण भावजींची गट्टी त्या आख्ख्या गावात याच एका माणसाशी. त्यांची बायको शुभदा कपाळाला हात लावून म्हणायची, "एवढं झाडून झाडून तळघर झिजेल एक दिवस."

तर या भावजींच्या आई, म्हणजे काकू, पहिल्यांदा साताऱ्याहून आल्या त्या वर्षीची गोष्ट. ती आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. गणेश चतुर्थी होती. काकूंनी एकवीस उकडीचे मोदक केले, सगळे हातानं. मी शेजारी बसून बघत होते. अंगठा आणि दोन बोटं अशी चालत होती की कळी पडताना दिसायची नाही, पडलेली दिसायची. मोजून एकवीस चाळणीत ठेवून काकू साडी बदलायला गेल्या. तेवढ्यात भावजी आले आणि त्यांनी मला आमच्या घरून वाती आणायला पिटाळलं. मी आणल्या. पुढे मोदक वाफवून ताटात काढले, तर वीस! स्वयंपाकघरात मी एकटी, आणि उकड संपलेली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, शपथ, मी हातसुद्धा लावला नाही." तर त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "असू दे गं. भूक लागली असेल. देव रागावत नाही." अहो, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं! नैवेद्यात एकविसाव्या मोदकाच्या जागी गुळाचा खडा ठेवला गेला, आणि नैवेद्याआधी उष्टावणारी बाई म्हणून माझी कीर्ती साताऱ्यापर्यंत पोचली. पुढे तीन वर्षं काकू फोनवर विचारायच्या, "मोदकवाली बरी आहे ना?" भावजी हा निरोप मला इमानेइतबारे पोचवायचे आणि नजर वळवून जिना चढायचे.

चौथ्या वर्षी मात्र तो निरोप आला नाही. काकूंचे हात थरथरायला लागले होते. कळी धरायला गेलं की पारी फाटायची. आदल्या गणपतीत त्यांनी मोदक बाहेरून मागवले, देवापुढे ठेवले आणि स्वतः एकही खाल्ला नाही, असं शुभदा सांगत होती. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसायच्या म्हणे, आत पाऊल टाकायच्या नाहीत. भावजींनी खूप मिनतवाऱ्या करून त्यांना इकडे आणलं. येतानाच त्यांनी अट घातली, "मला मोदक कर म्हणायचं नाही. आणि साच्यातले आणलेस तर मी आरतीला उभी राहायची नाही. देवाला फसवल्यासारखं होतं ते."

आणि चतुर्थीला सकाळी या माणसानं काय करावं? इथेही उंबऱ्याशीच बसलेल्या काकूंच्या समोर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर साचाच आणून ठेवला! तोही कसा, गुलाबी. कवळीच्या हिरड्यांचा असतो ना, तस्साच गुलाबी, दोन भागांचा. मी म्हटलं, "भावजी, हे काय? कवळी केलीत की काय मोदकाची?" ते शांतपणे म्हणाले, "आजोबांनी शिकवलं. जे जन्मभर तोंडात चालतं ते मोदकाला चालणारच." काकूंनी तोंड फिरवलं. भावजींनी साच्याला आतून तूप लावलं, दोन्ही भाग मिटले, उकड बोटानं आत दाबली, सारण भरलं, तळ बंद केला आणि साचा उघडला. मोदक उभा राहिला, पण त्याची शेवटची कळी चांगली ठसठशीत वाकडी. झालं! सगळ्या करंज्यांचा आणि नवव्या पायरीचा सूड घ्यायची संधी माझ्यापुढे ताटात वाढून आली होती. मी ओरडलेच, "भावजी, तुमच्या साच्यात खोट! कळी वाकडी आहे!"

काकूंनी मान वळवली, चष्मा लावला आणि उंबऱ्यावरून उठून आत आल्या. मोदक हातात घेऊन त्यांनी तो सावकाश फिरवला. मग म्हणाल्या, "ही कळी माझी आहे." त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. त्यावर जुना, आडवा वण होता. "लग्नाआधी विळीवर कापला होता. तेव्हापासून माझी शेवटची कळी अशीच पडते. ही तुझ्याकडे कशी आली रे?"

"आई, त्या वर्षीचा एकविसावा मी उचलला होता," भावजी खाली बघत म्हणाले. "खाली तळघरात नेऊन त्याचा ठसा घेतला. तेव्हाच तुझ्या कळ्यांमधलं अंतर कमीजास्त पडायला लागलं होतं. कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. साचा जमायला चार वर्षं लागली."

मला खरं तर भांडायचं होतं. चार वर्षांचा आळ काय थोडा असतो? पण मी उकडीचं पातेलं काकूंकडे सरकवलं. काकू खुर्ची ओढून बसल्या. "तूप आण," म्हणाल्या. साच्यात उकड दाबताना हात थरथरत होते, पण साच्याला त्याचं काही नव्हतं. एकवीस झाले. मग काकूंनी उरलेल्या उकडीचा आणखी एक केला, सगळे मोदक वाफवले, आणि आरतीआधी, देवाच्या डोळ्यांदेखत, तो बाविसावा माझ्या तोंडापुढे धरला. मी मागे सरले. "काकू, अजून नैवेद्य नाही दाखवला."

"खा गं," त्या म्हणाल्या. "तुझा चार वर्षांपूर्वीचाच आहे हा." मी रडत रडत खाल्ला. तोंड पोळलं.

काकू आता नाहीत. भावजी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेले आणि नवव्या पायरीच्या कोपऱ्यात आता खुशाल कचरा साठतो. दर चतुर्थीला त्यांचा फोन मात्र येतो. "वहिनी, एकवीस झाले. बाविसावा तुमच्या नावानं काढून ठेवलाय." मी विचारते, "आणि कळी? नवा साचा केलात म्हणे, सरळ नाही ना केलीत?"

"छे हो, मोजून बघितली. तेवढीच वाकडी आहे, वहिनी. गेनाऊ तेवढीच."