टायरच्या डाव्या कडेचं तेल

मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. चाळिशी उलटल्यावर मला मोटरसायकलचा नाद लागला, आणि मास्तर माणसाला नाद लागला की तो त्याचाही अभ्यासक्रम करतो. नांदेड-लातूरकडच्या आम्हा वीसेक जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. बँकवाले, शिक्षक, मुखेडचा एक दातांचा डॉक्टर, सिंचन खात्यातले दोघं. वर्षातून दोन-तीनदा लांबची चक्कर व्हायची. ग्रुपवर कुणी टायरचं विचारलं, हेल्मेटचं विचारलं, की उत्तर माझं. नाही विचारलं तरी माझंच.

त्यातही चेनला कोणतं तेल लावावं हा माझा हातखंडा विषय. लांब जायचं तर चार-पाचशे किलोमीटरला चेनला तेल लागतंच. कुणी गिअरबॉक्सचं जाड तेल ब्रशनं लावतात. गॅरेजवर त्याला नव्वद नंबर म्हणतात. कुणी इंजिनमधून उतरवलेलं काळं तेल ओततात. आणि आता स्प्रेचे डबे आलेत, फवारलं की थोड्या वेळानं मेणासारखं चिकटून बसणारे. मी महिनाभर व्हिडिओ पाहिले. तीन प्रकारचे डबे मागवले. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर फवारून ते गच्चीत उन्हात मांडून ठेवले. कोणतं ओघळतं, कोणत्यावर धूळ बसते, वहीत लिहून ठेवलं. बायको म्हणाली, "पापड वाळत घातल्यासारखं काय मांडलंय हे?" मग मी ग्रुपवर लांबलचक निकाल दिला. स्प्रेच वापरा. गरम चेनवर मारा, अर्धा तास थांबा, फडक्यानं पुसा आणि मगच गाडी हलवा. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात लिहिलं होतं.

लातूरचा माझा मित्र सिंचन खात्यात आहे. बारावीला आम्ही लातुरात एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती. त्याची गाडी औसा रोडवरच्या एका मिस्त्रीकडे असायची. मिस्त्रींचं वय साठीच्या पुढे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एकदा मित्राबरोबर त्यांच्याकडे गेलो असताना मी माझा डबा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी डबा हलवून पाहिला, वास घेतला. "चांगला हाय सर. पण आपल्याकडची धूळ बघा. म्या नव्वद नंबर लावतो. संध्याकाळी लावायचं, रातभर मुरू द्यायचं, सकाळी पुसून काढायचं. लांब जायचं तर छोटी बाटली नि ब्रश संग ठेवायचा. बस."

"चाचा, जमाना कुठं गेला! तुमचं हे बैलगाडीचं वंगण झालं," मी म्हणालो.

गॅरेजवर चार गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. चाचाही हसले आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते आठवलं की आजही कान तापतात.

दिवाळीनंतरच्या सुटीत बदामीला जायचं ठरलं. माझी एक गाडी, मित्राच्या गाडीवर तो आणि वहिनी. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच गाडीवरून निघाल्या होत्या. सासूबाईंची समजूत घालायला त्यांना पंधरा दिवस लागले होते. मी आदल्या दिवशी लातूरला मुक्कामाला गेलो.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली उतरलो. मित्राची चेन पाहिली. चाचांनी ती दोन दिवसांपूर्वी तेल लावून, पुसून दिली होती. काळपट, कोरडी दिसत होती. ती तशीच दिसायला हवी असते, हे मला माहीत होतं. पण माझ्या खांद्यावरच्या पिशवीत माझा डबा होता. म्हटलं, बघू दे याला फरक. डब्याच्या तोंडाला लावायची बारीक नळी कुठेतरी पडली होती. नळी नसली की फवारा पसरतो. तरी मी मारला, चाक फिरवत फिरवत चांगला सढळ हातानं मारला.

तेवढ्यात वहिनी धपाट्यांचा डबा घेऊन आल्या. मागून मित्र आला. "चल रे, ऊन व्हायच्या आत उमरगा गाठू."

अर्धा तास थांबा, असं म्हणायचं होतं. म्हणालो नाही. दोघं हेल्मेट घालून तयार, सासूबाई दारात उभ्या, त्यांना थांबवायचं तर आधी सांगावं लागलं असतं की न विचारता तुझ्या गाडीला हात लावला. इतक्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणून मी डबा पिशवीत टाकला. चहाला थांबलो की सांगू, असंही ठरवलं होतं. बघ कशी पळतेय, असं.

औसा गेलं, लामजना गेलं. किल्लारीच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. मी त्यांच्या मागे होतो. गाडी वळणावर डावीकडे कलली आणि मागचं चाक एकाएकी बाहेरच्या बाजूला सरकलं. वेग फार नव्हता. ब्रेकही लागला नव्हता. गाडी आडवी झाली आणि दोघं तिच्याबरोबर घसरत रस्त्याच्या कडेला गेले. धपाट्यांचा डबा उघडला होता.

मित्राचा गुडघा सोलवटला होता. वहिनी उठून बसल्या आणि डावा हात उजव्या हातात धरून म्हणाल्या, "भाऊजी, हे मनगट माझं वाटेना मला."

किल्लारीकडून येणारी एक जीप थांबली. त्यांना जीपमध्ये बसवलं. गाडी उचलायला मी वाकलो तेव्हा टायर दिसला. डावी कड ओली, चकचकीत, तिच्यावर बारीक माती चिकटलेली. उजवी कड कोरडी. चेन डाव्या बाजूला असते. बोट फिरवलं. तोच वास, तोच चिकटपणा, जो मी गच्चीत महिनाभर हुंगत बसलो होतो. मी खाली बसलो, मूठभर माती घेतली आणि टायरची कड घासून काढली. कुणी पाहत नव्हतं.

दुपारी लातूरला हाडांच्या दवाखान्यात वहिनींना प्लास्टर घालत होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मित्र म्हणाला, "रस्ता तर कोरडा होता रे. चाक असं कसं सटकलं? टायरला तेल लागलं होतं का?"

मी म्हणालो, "चाचांनी लावलं होतं ना परवा. पुसायचं राहिलं असेल."

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण ते आलं तेव्हा अडखळलंही नाही.

"म्हातारा झाला आता तो," मित्र म्हणाला.

"हो ना," मी म्हणालो.

त्यानं तिथूनच चाचांना फोन लावला. मित्र तसा शांत माणूस आहे, पण त्या दिवशी तो नको ते बोलला. पलीकडून आवाज बारीक येत होता, पण चाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते ते मला ऐकू आलं. "म्या पुसलो होतो साहेब. म्या पुसलो होतो." मित्रानं फोन ठेवला. "कबूलच करंना बघ," तो म्हणाला. संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं की औसा रोडच्या त्या मिस्त्रीकडे गाडी टाकताना सांभाळा. त्याखाली मी लिहिलं, "म्हणूनच मी कधीपासून स्प्रे सांगतोय." अकरा जणांनी अंगठे दिले.

वहिनींचं प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्ण वळेना. भाकरी थापताना परात फिरवता येत नाही म्हणून सासूबाई पुन्हा चुलीपाशी बसायला लागल्या. मित्रानं गाडी विकली. मी फोन करून चौकशी करायचो, दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी पावसापाण्याचं बोलून फोन ठेवायचो. वर्गात घर्षणाचा धडा आला तेव्हा उदाहरणं देताना मी गाड्यांचं उदाहरण टाळलं. एका मुलीनं विचारलं, "सर, दरवर्षी तुम्ही टायरचं सांगता म्हणे, ते?" मी म्हणालो, पुस्तकातलं करा.

दहाएक महिन्यांनी वहिनींचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "भाऊजी, आम्ही पुन्हा गाडी घेतोय. माझाच हट्ट आहे. बदामी राहिलीच ना! आता एक करा, चेनला तेल कोणतं लावायचं ते तुम्हीच ठरवून द्या. त्या मिस्त्रीवर काही आता विश्वास नाही."

मी "हो वहिनी" म्हणालो आणि फोन ठेवला. शनिवारी एसटीनं लातूरला गेलो.

त्यांच्या बैठकीत सासूबाई शेंगा फोडत होत्या. वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. फवारलेलं, न पुसलेलं, मातीनं घासलेला टायर, बाकावरचं वाक्य. सांगताना मी मित्राकडे पाहू शकलो नाही, समोरच्या सुपातल्या टरफलांकडे पाहत राहिलो. सासूबाईंचे हात थांबले होते.

मित्र उठला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मी त्या माणसाची आईबहीण काढली होती रे."

वहिनी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी माझा चहाचा कप उचलून आत नेला. परत आल्या तेव्हा पायात चपला होत्या. "माझ्या हाताचं नंतर बघू भाऊजी. आधी तिथं चला."

गॅरेज उघडं होतं, पण पुढे दुसराच माणूस काम करत होता. चाचा आत स्टुलावर बसून ट्यूबला ठिगळ लावत होते. आम्हा तिघांना पाहून ते उठून उभे राहिले. त्यांचं उभं राहणं मला बघवेना. मी पुन्हा सगळं सांगितलं, इथे तर गिऱ्हाइकंही होती.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे म्या पुसलो होतो?"

"हो चाचा. तुम्ही पुसलं होतं."

ते पुन्हा स्टुलावर बसले. "साहेब एवढं बोलले तवा मला वाटलं, विसरलो असीन. रातभर आठवायचो. फडकं आठवायचं, पण त्या दिवशीचं का दुसऱ्या दिवशीचं, ते कळंना. मंग मोठ्या कामाला हात लावायचं सोडलो. घरचेबी म्हणायलेत, आता बसा. पंचर तेवढं करतो."

मित्रानं त्यांचे दोन्ही हात धरले, माफी मागितली. त्याला ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, बाई पडल्यावर माणूस बोलतंच." मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर," ते म्हणाले, "तुम्ही तर शिकवता." एवढंच. हात त्यांनी दिला नाही. ट्यूब पुन्हा मांडीवर घेतली.

वहिनी म्हणाल्या, "जिथं लिहिलं होतं तिथंही लिहा." मी तिथेच रस्त्यावर उभं राहून ग्रुपवर लिहिलं, काही न लपवता. एकानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मुखेडच्या डॉक्टरनं लिहिलं, "मोठं मन, सर!" आणि त्याच्या खाली कुणीतरी विचारलं, "पण मग शेवटी तेल कोणतं चांगलं?" लोकांना एवढंच हवं असतं, आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं. मी ग्रुप सोडला.

मित्रानं नवी गाडी घेतली, ती चाचांकडेच जाते. पहिल्यांदा त्यांनी नको म्हटलं होतं. मग वहिनी स्वतः मित्रामागे गाडीवर बसून गेल्या आणि दोघं ती तिथेच लावून रिक्षानं परत आले, तेव्हा चाचांनी ती हातात घेतली. थंडीत दोघं बदामीला जाऊन आले. मला ते फोटोवरून कळलं.

आमचं बोलणं तुटलेलं नाही. सणावाराला फोन होतो, मुलांच्या परीक्षांचं, बदल्यांचं बोलतो. मागच्या महिन्यात तो नांदेडला आला तेव्हा घरी जेवायलाही आला. खाली लावलेली त्याची गाडी मी वरून पाहिली. जिना उतरून जवळ जावं असं वाटलं, पण गेलो नाही. निघताना त्यानं किल्ली खिशातून काढली आणि म्हणाला, "तू वरच थांब, गेटपर्यंत सोडायला नको. ऊन आहे." मी दारातच थांबलो.