आल्बिनाची सुकेळी

वसईजवळच्या वालीवच्या चाळींतली पोरं भुईगावच्या आल्बिनाला लांबून ओळखायची. गल्लीच्या तोंडाशी तिची लाल छत्री दिसली की रांगतं पोर उंबऱ्यापर्यंत यायचं, चालतं असेल ते थेट तिच्या पायांत. कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांच्या घरी जायचं, तान्ह्याशी बोलावं कसं, खेळावं कसं, भरवावं काय ते सांगायचं, हे तिचं काम. एका संस्थेसाठी सात वर्षं करत होती. सांगणं थोडं आणि पोर कडेवर घेऊन नाचणंच जास्त. पण गल्ली तिची होती.

मग संस्थेनं रोवेनाला घेतलं. तिच्याच चर्चमधली, सव्वीस वर्षांची, बालशिक्षणाचा कोर्स केलेली. आल्बिनाची निम्मी घरं तिच्याकडं गेली. त्यात स्वप्नाचंही.

त्या दिवशी आल्बिनाला घास गिळेना. नवऱ्याला म्हणाली, "ती पोरांना हात पन लावत नाय. खाली बसते आनि बघते. बघायला काय सर्कस हाय?"

"मग तुला बरंच की," युजीन म्हणाला. "तिच्याकडं कोन जानार नाय."

"तू माशाचे काटे काढ गपचूप."

स्वप्ना परभणीकडची. पॅकिंगच्या गाळ्यात बारा तास उभी. तिचा संग्राम सव्वा वर्षाचा, दिवसभर शेजारणीकडं. आई घरी आली की तोंड फिरवायचा, आणि आल्बिना दिसली की झेप. एकदा स्वप्ना भिंतीकडं तोंड करून म्हणाली होती, "मावशी, हे लेकरू माझं नाहीच जणू. दिवाळीला सासूकडं नेऊन सोडते त्याला. तिथं तरी कुणाचं होईल."

आल्बिनानं तिची समजूत घातली. पण आत कुठंतरी गुदगुली झाली. आईपेक्षा मी! हे तिनं कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, बसल्यावर फादरलाही सांगितलं नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा तिला राहवेना. शुक्रवारी स्वप्नाला सुट्टी. आल्बिना वाट वाकडी करून तिच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

रोवेना भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. स्वप्ना पोळ्या लाटत होती. संग्राम डब्याचं झाकण जमिनीवर आपटत होता.

"ताई, आता तुम्ही वाजवा. त्याच्यासारखंच," रोवेना म्हणाली.

स्वप्नानं लाटणं पोळपाटावर दोनदा वाजवलं. संग्राम थांबला. आईकडं बघितलं. झाकण दोनदा आपटलं. स्वप्नानं पुन्हा वाजवलं, आणि पोर खदखदून हसलं. आईकडं बघून.

आल्बिना दारातूनच रोवेनाकडं बघत राहिली. हात मांडीखाली ठेवून हे? आपण सात वर्षं कंबर मोडली ती काय उगाच?

तेवढ्यात संग्रामला लाल छत्री दिसली. झाकण टाकून तो डुलत दाराकडं निघाला. स्वप्नाचा चेहरा उतरला. "बघा ताई. मी म्हणलं नव्हतं?"

आल्बिनानं हात पसरले. पोर हातांत आलंच नाही. बाजूनं वळून त्यानं तिच्या पिशवीच्या कप्प्यात मूठ खुपसली.

त्या कप्प्यात सुकेळी असायची. भुईगावच्या वाडीतली केळी उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. येईल त्या पोराच्या जिभेवर ती बोटभर लावायची, सात वर्षं. पोरं आपल्यासाठीच धावत येतात असं धरून चालली होती, सात वर्षं.

"आंटी, पिशवीत काय आहे?" रोवेनानं विचारलं.

संग्राम कप्पा ओढत होता. नुसतं वाकून बोटभर दिलं असतं, तर तो कडेवर आलाच असता, रोवेनाच्या नाकासमोर. आल्बिनाचा हात पिशवीत गेलाही. मग तिनं स्वप्नाकडं बघितलं. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली होती, त्या दिवशीसारखीच.

"घे गं," आल्बिनानं पुडकं पोराच्या डोक्यावरून स्वप्नाकडं धरलं. "तूच दे. बारीक चुरून. परभनीला नाय मिळायची."

संग्राम पुडक्यामागं गेला आणि आईच्या मांडीवर चढला. बोट चाटून झाल्यावर मांडीवरून उतरला, झाकण उचललं आणि आईपुढं धरलं. आल्बिनाकडं एकदाही बघितलं नाही.

"आंटी, हे भारी सुचलं तुम्हाला," रोवेना म्हणाली.

"सुचलं काय? माझी पद्धतच हाय ती," आल्बिना म्हणाली, आणि छत्री झटकत गल्लीला लागली. नाक्यापर्यंत डोळे पुसले नाहीत.

दिवाळीला स्वप्ना गावी गेली आणि पोराला घेऊनच परत आली. आल्बिना आता प्रत्येक घरी सुकेळी आईच्या हातात देते आणि स्वतः हात मांड्यांखाली घेऊन बसते. गुडघे बोंबलतात. ही रीत कुणाची, असं कुणी विचारलं तर माझी म्हणते.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात. आल्बिना पुढच्यामागच्या सगळ्यांना वाकून हात जोडते. रोवेनाकडं वळल्यावर मात्र तिचे हात छातीपर्यंत चढत नाहीत. पोटाशीच कसेबसे जुळतात.