बबन गोताडची सेटिंग

बबन गोताड मूळचा रत्नागिरीकडचा. जाखडीच्या नाचात ढोलकी वाजवत मोठा झालेला, आणि त्या ढोलकीचा माज असा की समोर कुणीही वाजवत असलं तरी हा मान हलवायचा ती आडवी. भाईंदरला आला आणि स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या एका गाळ्यात लागला. दिवसभर चाक कानाशी किंचाळायचं. संध्याकाळी तो काशीगावच्या शिवा पाटलाच्या बेंजो पार्टीत ढोलकी वाजवायचा. खरा बबन तो संध्याकाळचा. गाळ्यातला नुसता पगारापुरता.

दोन हजार एक साली शिवाने पार्टीसाठी ऑक्टापॅड घेतला. आठ रबरी पॅड, दोन काठ्या, आणि पोटात ढोलकीपासून संबळापर्यंत सगळी वाद्यं. कानामागून आला नि तिखट झाला, म्हणून बाकीच्या वादकांनी नाकं मुरडली. बबनने मात्र ते धूड उचलून घरी आणलं. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, हा सातवी पास. एकेक बटण दाबत, चुकत, पुसत तो शिकला. कुठल्या पॅडवर ढोलकी, कुठल्यावर ताशा, कुठल्यावर झांज. कुठला आवाज किती चढा, किती मोठा, काठी किती हलकी पडली तरी वाजला पाहिजे. सगळं जुळवून तो नंबराखाली मशीनमध्ये साठवायचा. हळदीची सेटिंग वेगळी, विसर्जनाची वेगळी. दुसऱ्या पार्ट्यांचे लोक चहा पाजून विचारायचे. हा चहा प्यायचा आणि घरी यायचा.

पाच-सहा वर्षं अशी ऐटीत गेली. मग सेटिंग बिघडायला लागली, असं बबनचं म्हणणं. झांजेला धार राहिली नाही, घुंगरू मेल्यासारखे वाजतात. त्याने वायर बदलली, पॅडचं रबर पुसलं, शेवटी झांजेचा आवाज वाढवला. महिन्याने आणखी वाढवला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते खरं, पण इथे अंगण वाकडं नव्हतं आणि नाचणाऱ्याला तर छानच नाचता येत होतं. खोट तिसरीकडेच होती.

ती आधी कळली सुगंधाला, त्याच्या बायकोला. बबन हेडफोन लावून सेटिंग करत बसलेला असताना ती ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. झांज तिला तिथपर्यंत ऐकू आली.

"अहो, हेडफोन तुमच्या कानाला आणि आवाज माझ्या तव्यावर येतोय. कमी करा."

"तुझे कान तिखट आहेत," बबन म्हणाला आणि त्याने आणखी एक घर वाढवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याने मागच्याच वर्षी सोडलं होतं, हे तिला आठवलं. ती बोलली नाही. त्या गप्प राहण्याबद्दल तिने पुढे स्वतःला फार दोष दिला.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये चेणे गावात हळद होती. मांडव भरलेला, नवऱ्याला हळद लावून हात पिवळे झालेल्या बायका नाचायला उतरल्या. बबनने नव्या सेटिंगवर झांज मारली. पहिल्या फेरीतच बायकांनी कानांवर तळवे दाबले. सगळ्यांचे कान पिवळे! बबनला वाटलं, ही इथल्या हळदीची काहीतरी मस्करी असणार. तो हसला आणि आणखी जोरात मारू लागला. एक तान्हं पोर रडून निळं पडलं, त्याच्या आईने त्याला मांडवाबाहेर नेलं. बबन हसतच होता. शेवटी शिवाने मशीनची वायरच उपटली.

"बाजा का बंद केलास रे?" बबन भडकला.

"बायकांनी कान झाकलं, तुला दिसलं न्हाय?"

"ते तर हळदीची गंमत..."

"गंमत न्हाय ती, बबन." शिवा एवढंच म्हणाला, आणि त्याच्याकडे बघायचं त्याने टाळलं. बबनला त्या क्षणी सगळं कळलं, आणि माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, तसं त्याला झालं.

मीरा रोडच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बारीक, चढे आवाज दोन्ही कानांतून गेलेत, म्हणाले. चाकामुळे, स्पीकरमुळे, दोन्हींमुळे. जे गेलं ते परत येत नाही. बबनने विचारलं, "बोललेलं तर ऐकू येतंय की मला?" डॉक्टर म्हणाले, येणार, अजून काही वर्षं. गाळ्यातलं काम त्याने सोडलं नाही. सोडून खाणार काय?

पुढच्या रविवारी शिवा मशीन न्यायला आला. सोबत निहार, पार्टीचा नवा वादक, तिशीतला, अदबीने वागणारा. त्याने खोलीतच छोटा स्पीकर जोडला, दोन-चार पॅड वाजवले आणि ओशाळून म्हणाला, "काका, सगळं पुन्हा सेट करावं लागेल. खूप चढलंय."

"कर," बबन म्हणाला. "पण मला ऐकवून कर."

एकेक नंबर उघडून निहार आवाज उतरवत गेला. ढोलकीला बबन मान डोलवायचा, ताशाला "थोडा आत घे" सांगायचा आणि निहार तसं घ्यायचा. बबनचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. आठवा पॅड आला, झांजेचा.

"हा नाजूक आहे," म्हणून बबनने डोळे मिटले. "हां. वाजव."

शिवा छताकडे बघत होता.

"वाजव ना रे," बबन म्हणाला. "लाजतोस काय?"

निहारने तीन वेळा वाजवून काठ्या खाली ठेवल्या होत्या. सुगंधा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने स्पीकरची वायर काढून गुंडाळली आणि शिवाला खुणेने सांगितलं, घेऊन जा. बबन डोळे मिटून, मान किंचित कलती करून, वाट बघत बसला होता.