महानंदाची लेक

महानंदा किनवटच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नवरा सुदर्शन रिक्षा चालवायचा. एकुलती लेक अक्षरा नांदेडला नर्सिंग शिकत होती. गेल्या पावसाळ्यात ती डेंग्यूनं गेली. गावाबाहेरच्या ख्रिस्ती कब्रस्तानात तिला पुरलं, आणि महानंदानं कामावर जाणं सोडलं.

चर्चच्या मंडळीतल्या बाया भेटायला यायच्या. चांगल्या मनानंच यायच्या. पण महानंदाचे डोळे भरले की कुणीतरी म्हणायचंच, "रडू नको गं. ती प्रभूजवळ हाय. आपण पुनरुत्थान मानणारी माणसं." मग महानंदा पदरानं तोंड दाबायची आणि बाया गेल्यावर न्हाणीत नळ सोडून रडायची. पुढं तिनं चर्चला जाणंही बंद केलं. सुदर्शननं विचारलं, तर म्हणाली, "तिथं रडायची चोरी हाय. आन् मला दुसरं काय जमून न्हाई राहिलं."

शेजारच्या सुलतानबी तेवढ्या वेगळ्या. निवडायची भाजी घेऊन यायच्या, जवळ बसायच्या, तिला रडू द्यायच्या.

एप्रिलात ईस्टर, येशू मेलेल्यांतून उठल्याचा सण, आला. त्या दिवशी मंडळी उजाडताना कब्रस्तानात जमते. महानंदा गेली, पण उपासनेसाठी नव्हे. तिला अक्षराच्या कबरीवरचं वाळलेलं गवत काढायचं होतं. ती खाली बसून गवत उपटत होती आणि चर्चचे पाळक दयानंद येशूच्या कबरीशी रडत आलेल्या त्याच्या शिष्येची, मरीयेची गोष्ट सांगत होते. कबर रिकामी होती, येशू उठून जवळच उभा होता, पण रडणाऱ्या मरीयेला तो ओळखूच आला नाही. तिला वाटलं, माळी आहे. मग त्यानं तिला नावानं हाक मारली, तेव्हा तिनं ओळखलं.

महानंदाचा हात थांबला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. ती मातीच्या हातांनी तशीच उठली.

"पाळकसाहेब, मरीया रडून राहिली होती, तर तिचा विश्वास कमी हाय असं कुणी म्हणलं न्हाई?"

उपासनेत असं मध्येच कुणी बोलत नाही. लोक वळून बघायला लागले. दयानंद जरा गडबडले.

"न्हाई, ताई. उठल्यावर तो पहिल्यांदा दिसला, तो तिलाच."

"रडत असताना?"

"हाव. रडत असताना."

महानंदा खाली बसली आणि अक्षराचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही. सुदर्शन शेजारी येऊन बसला आणि तोही रडायला लागला.

दुपारी सुलतानबी आल्या, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. "मला वाटायचं, आशा धरायची तर रडणं सोडावं लागतं. तसं न्हाई बघा. येशू उठला, तशी माझी अक्षरा बी उठणार. मी रडत रडत वाट बघीन."

"कयामतला सगळे उठतील, आम्ही बी मानतो," सुलतानबी म्हणाल्या. "भेटल्यावर पहिलं काय करशील?"

"पहिलं लई रागावणार! अंगात ताप, आन् फोनवर 'मी बरी हाय मम्मी' म्हणून राहिली होती. मग पोटाशी धरीन."

दोघी हसल्या. आत पडलेला सुदर्शन उठून दारात आला. त्या घरात कुणी हसल्याला बरेच महिने झाले होते.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं, तशी महानंदा कामावर गेली. अजूनही कणीक मळताना एखाद्या दिवशी तिला भरून येतं. नव्या मुली विचारतात, "मावशी, तुम्हाला लेकरं किती?"

"एक लेक हाय," ती सांगते. "अक्षरा."