उजेडाला गॉगल

काचेच्या बारीक तारेतून घरोघरी इंटरनेटचा उजेड पोचवायचं आमचं काम. परभणी जिल्ह्यात मी आन् सलीमभाई जोडीनं फिरतो. तार जमिनीत पुरतो, किस्से मात्र वरच राहतेत. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागं दुसरा.

*

पिंगळीत एका काकूंचं इंटरनेट रोज दुपारी बंद! जाऊन बघतो तर आमच्या त्या तारेवर ओल्या साड्या. तार वाकली की आतला उजेड बाहेर सांडतो.

"काकू, ह्या तारेत उजेड हाय," सलीमभाई म्हणाला.

"म्हनूनच तर वाळत घातल्या की!"

*

एका गुरुजींनी उरलेली तार खिळ्याला करकचून गुंडाळली. उजेड मोजायच्या मीटरवर उजेडाचा पत्ता न्हाई.

"मी तर नीट शिस्त लावली होती," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुमच्या शिस्तीनं उजेड शाळा सोडून पळालाय!"

*

सलीमभाई मुळात लय स्वप्नाळू. येलदरीला धरणाच्या पाण्याकाठी तार जोडली, तर हा मीटर हातात धरून बसूनच राहिला.

"भाई, उजेड किती यायलाय?"

"पुरेसा यायलाय. पन लय लांबून आलाय बिचारा. घडीभर बसू दे."

मग आमी दोघंबी बसलो. पाणी हलत होतं. लय बरं वाटलं.

*

जिथून तारेत उजेड सुटतो त्या आमच्या मशीनच्या खोलीला लागूनच पांडुआबांचं घर. ल्योक-सून ऊसतोडीला गेलेले, तिकडंच नात झाली. तिचं तोंड बघायचं म्हणून आबांनी जोडणी घेतली, पण चित्र यायचं आन् अडकायचं.

"नुसतं टोपडंच दिसायलंय रे!" आबा रोज दारात हजर.

मीटर लावलं तर उलटंच निघालं. घर जवळ, त्यामुळं उजेड लय जोरात, घरातलं इंटरनेटचं डबडं दिपून जायचं. सलीमभाईनं उजेड कमी करायची चिमुकली डबी तारेला लावली. तिला आमी गॉगल म्हणतो.

आबा भडकले. "शेजारी आसून माझाच उजेड कापता व्हय?"

"आबा, लय उजेडानं डोळे दिपतेत. आता बघा."

फोन लावला. चित्र आलं आन् अडकलंच न्हाई! फडावरच्या झोपडीत, कोपीत, साडीच्या झोळीत नात निजलेली. पाचटाच्या फटीतून दुपारचं ऊन तोंडावर आलं, तसं तिनं झोपेतच कपाळाला आठ्या घातल्या. आबांचे डोळे भरून आले.

आबा सलीमभाईच्या कानाशी वाकले, आवाज एकदम बारीक करून म्हणाले,

"अजून एक गॉगल हाय का रे? लाव. पोरीच्या डोळ्यावर उजेड यायलाय."