चौक डाव्या हाताला

विमानतळाच्या दारातून बाहेर पडले तर हे समोरच उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना चापून तेल आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू. देवरुखहून मुंबई आणि मुंबईहून बहारीन अशी मजल मारून मी आले होते आणि वाटभर मनात एकच चित्र होतं, की आमचे हे मला घ्यायला बस घेऊन येणार. का नाही येणार? वीस वर्षं घाटातून लाल गाडी चालवलेला माणूस. ड्रायव्हरच्या व्हिसावर इथे आला. वाडीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमचे हे आता थंड हवेच्या बसवर आहेत, घाम म्हणून येत नाही.

बस आली. ह्यांनी माझी बॅग वर चढवली आणि माझ्याच शेजारी बाकावर बसले.

"तुम्ही इथे का बसलात?" मी विचारलं.

"मग कुठे बसू?"

"गाडी कोण चालवणार?"

"ज्याच्याकडे लायसन आहे तो," असं म्हणून हे खिडकीबाहेर बघायला लागले.

मीही बाहेर बघितलं, आणि रागवायचं विसरले. आमची बस चक्क समुद्रातून चालली होती. विमानतळ मुहर्रक नावाच्या वेगळ्या बेटावर आहे आणि तिथून राजधानी मनामापर्यंत पाण्यावर रस्ता बांधून काढलाय. दोन्ही अंगांना निळंशार पाणी, त्यात डुलणारे लाकडी मचवे, आणि समोर उन्हात उंच इमारतींची नवीकोरी रांग. कुठे खड्डा नाही, धक्का नाही. मांडीवर ताकाचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. आमच्या घाटात पोटातलं अन्न जागेवर राहत नाही.

रस्ता संपेपर्यंत ह्यांनी सगळं सांगून टाकलं. इथल्या बसच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. तोवर डेपोत गाड्या धुवायच्या, चाकं बदलायची. तिसरी आणि शेवटची परीक्षा माझ्या मुक्कामातच होती. तीही गेली तर व्हिसा रद्द आणि घरी रवानगी.

"तिसऱ्यांदा नापास की खलास," हे म्हणाले. खलास म्हणजे संपलं. हा शब्द इथे ऊठसूट कानावर पडतो.

"चुकतं कुठे?"

"सरळ रस्त्यावर काही नाही. इथे उजव्या बाजूने चालवतात, तेही जमतं. पण गोल चौक आला की हात ऐकत नाहीत. डावीकडेच ओढतात."

मला हसूही येईना आणि रडूही. ज्या माणसाने धुक्यात, पावसात एवढी वर्षं गाडी हाकली, त्याला एका चौकाने पाणी पाजलं होतं.

आमची सोय फिलोमिनाच्या घरी होती. ती वसईची, इस्पितळात नर्स, नवरा हॉटेलात. त्यांनी एक खोली आम्हाला दिली होती. फिलोमिना मोठी मोकळी बाई. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सुमनताई, घरात बसू नका. माझी ड्यूटी, तुमच्या ह्यांचा डेपो, तुम्ही भिंती बघत बसणार काय? बसचा नंबर लिहून देते, फिरून या."

आणि मी खरोखर फिरले. एकटी. देवरुखच्या बाजारात एकटी गेले तरी दहा जण विचारतात, कुठे चाललीस. इथे बसमध्ये पुढची बाकं बायकांची. बाई चढली की पुरुष न सांगता मागे सरकतात, नुसता "यल्ला" (चला) एवढा आवाज होतो आणि जागा मोकळी. पूर्वी इथे गावोगाव लाकडी अंगाच्या उघड्या बसगाड्या होत्या म्हणे. वाळू उडाली की माणूस आणि माल एकाच रंगाचे व्हायचे. एक जुनी गाडी मी डेपोच्या मागे पाहिली. तिचं काम इतकं सुबक होतं, की मी लाकडावरून हात फिरवून आले.

मनामात बाजाराच्या तोंडाशी मोठी वेस आहे. तिची डागडुजी चालली होती, परांची बांधली होती आणि गवंडी चुन्यासारखा पांढरा गिलावा चढवत होते. एका गवंड्याला विचारलं, समुद्र कुठे आहे? तो साताऱ्याकडचा निघाला.

"मावशी, तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच होता," तो म्हणाला. "जुनी माणसं सांगतात, ह्या वेशीच्या पायरीशी होड्या लागायच्या. आता भराव घातलाय. पार तिकडे गेलं पाणी."

मी पायाखाली बघितलं. फरसबंदी, बाकडी, झाडांची रोपं, आणि पलीकडे बँकांच्या इमारती. माणसं समुद्र उचलून बाजूला ठेवतात आणि तिथे बस थांबवतात, ह्याचं मला किती तरी वेळ नवल वाटत राहिलं. आमच्याकडे एक मोरी बांधायला तीन सभापती बदलतात.

एकदा बुदैया नावाच्या गावाला गेले. हायवेच्या कडेने खजुराच्या बागा, मधूनमधून पाण्याचे पाट आणि त्यातच नव्या बंगल्यांची जोती. मासळी मात्र मी बारकाईने पाहिली, कारण त्या बाबतीत कोकणातली बाई कोणाला सोडत नाही. हमूर नावाचा मासा चांगला, आमच्या हेकरूच्या वळणाचा. फिलोमिनाने त्याचं कालवण केलं आणि खुबूस (भट्टीतली फुगलेली रोटी) आणली. मी म्हटलं, तांदळाची भाकरी असती तर. ती म्हणाली, "ताई, सासर बदललं की भाकरी बदलते." तिचं म्हणणं खरं होतं, आणि कालवण तर फारच छान होतं.

शुक्रवारी इथे सुट्टी. त्या दिवशी हे म्हणाले, "चल, तुला हमद टाउन दाखवतो. पास झालो तर माझी बस तिथेच जाणार."

बसमधून तासभर नुसती वाळू. मग अचानक वाळूतून गाव उगवलं. गाव कसलं, घरांचं पीक. ओळीने, एका मापाची, पांढऱ्या भिंतींची घरं, नजर जाईल तिथपर्यंत. मुहर्रक आणि हिद्दच्या कोंदट गल्ल्यांतून दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांना सरकारने ही घरं बांधून दिली होती. शाळा तयार, दुकानं तयार, दिव्याचे खांब तयार, आणि माणसं अजून यायची आहेत. मी असं गाव कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे आधी माणसं येतात, मग भांडणं, मग रस्ता.

आमच्या पुढच्या बाकावर काळा अबाया (पायघोळ झगा) घातलेली एक म्हातारी होती. तिने वळून विचारलं, "हिंदी? बंबई?"

मी हो म्हटलं.

"मेरा बाबा मोती लेके बंबई जाता था," ती म्हणाली. "साडी लाता था, आंबा लाता था. मैं छोटी थी." जुन्या बहारिनी लोकांना हिंदी येते, हे मला तिथे कळलं. तिला सगळे उम्म जासिम म्हणत, म्हणजे जासिमची आई. ती हिद्दहून मुलाच्या नव्या घरी राहायला आली होती आणि तिची एकच तक्रार होती. "सब घर एक जैसा. कल मैं दूसरे के घर में जाके बैठी. चाय भी पी."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. अच्छी चाय थी."

तिच्याबरोबर उतरून घर शोधलं, ते सापडल्यावर तिने आम्हाला आत बोलावलंच. खजूर आणि गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) झाली. घरात नळाला पाणी होतं, अंगणात लिंबाचं झाड नुकतं लावलं होतं. तिने ते झाड मला दोनदा दाखवलं.

बाहेर पडलो तर समोरच मोठा गोल चौक. ह्या गावात चौकच चौक, आणि त्यांना नंबर. चौकाला इथे दवार म्हणतात. एक गाडी आली, चौक डाव्या हाताला ठेवून वळसा घालून गेली. पाठोपाठ दुसरी. मी बघत राहिले आणि इतके दिवस बसमध्ये प्रत्येक चौकात जे चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, त्याचा उलगडा झाला.

"अहो, ही तर उलटी प्रदक्षिणा," मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर मग?"

"आईला अग्नी देताना खांद्यावर मडकं घेऊन असाच उलटा फिरलो होतो. दोन महिन्यांत इथे आलो. चौक आला की तेच आठवतं. परीक्षकाला काय सांगू?"

मला गलबलून आलं. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते. गाडीची ड्यूटी लावून घेतली आणि गेले होते. ते सगळं ह्या माणसाने मनगटात साठवून ठेवलं होतं आणि मी गंमत करत होते. पण नुसती कीव करून लायसन मिळत नाही. मी बाकड्यावर बसले आणि विचार केला.

"महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालतात का?" मी विचारलं.

"नाही."

"पन्हळीपर्यंत जायचं, पन्हळ ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. म्हणजे निम्मी प्रदक्षिणा उलटीच ना? आणि ती आईंच्या चितेभोवतीची नाही, देवाभोवतीची आहे. हा चौक महादेवाचा समजा."

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच तर काहीतरीच. उठा."

आणि रिकाम्या रस्त्यावर, भर उन्हात, आम्ही नवरा-बायको त्या चौकाभोवती पायी फिरलो. चौक डाव्या हाताला. आधी हे अडखळत होते, दर वेळी पाय डावीकडेच ओढायचा. मी दंडाला धरून वळवत होते. वरच्या खिडकीतून उम्म जासिम बघत होती. तिने काय समजून घेतलं कोण जाणे, पण हाताने "फिरा, फिरा" अशी खूण केली. शेवटी हे माझ्यापुढे चालायला लागले. मी दम खायला थांबले तरी ते फिरतच होते, आणि डोळे पुसत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

परीक्षेच्या दिवशी मी डेपोच्या बाहेर सावलीत बसले होते. खरं सांगते, तिथे बसून देवाला काय मागावं ते मला कळेना. पास झाले तर हे इथे, मी तिथे, वर्ष-दोन वर्षं तोंड दिसणार नाही. नापास झाले तर माझ्याच विमानात, माझ्या शेजारी. मीच दंड धरून वळवलं होतं आणि आता मनातून अर्धी इच्छा उलटी होती. मला माझीच लाज वाटली. मग ह्यांचा गाड्या धुतानाचा, फुगलेल्या बोटांचा हात आठवला आणि मी नीट, पूर्ण मनाने मागणं मागितलं.

हे आले. चेहऱ्यावरून काही कळेना. पाणी मागितलं, प्यायले.

"परीक्षकाने विचारलं, चौकात ओठ का हलवतोस?"

"मग?"

"म्हटलं, गिअर मोजतो." आणि मग म्हणाले, "पास."

निघायच्या दिवशी ह्यांची हमद टाउनची पाळी होती. रजा मफी (नाही), नवा माणूस ना. मी म्हटलं, मग मीच येते. चढले, नाणी पुढे केली. बायको म्हणून फुकट नेतील तर ते आमचे हे नव्हेतच. तिकीट फाडून हातात दिलं आणि म्हणाले, "पुढे सरका बाई, मागे माणसं आहेत." वीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या गाडीत मी एकदाही बसले नव्हते. घर, गुरं, सासूबाईंचं दुखणं, कधी जमलंच नाही. आणि बसले ती ह्या परक्या वाळूत. वाटेत उम्म जासिम चढली. मी तिला सांगितलं, "ड्रायव्हर मेरा आदमी है." तिने ते अरबीत सगळ्या बायकांना सांगितलं. मग सगळ्या जणी ह्यांच्या पाठीकडे बघून काहीबाही बोलत होत्या आणि ह्यांचे कान लाल झाले होते.

चौकामागून चौक आले. एकदाही हात अडला नाही. मी मोजले नाहीत, नुसती बघत होते, इतकं सुंदर वळत होती ती बस.

परत मनामाला उतरले तेव्हा पुढच्या फेरीची वेळ झाली होती. ह्यांना खाली उतरता येईना.

"पोचलीस की कळव," हे म्हणाले.

"जेवणाची आबाळ करू नका."

मागून कोणीतरी यल्ला म्हणालं. दार मिटलं आणि बस निघाली. फिलोमिना मला विमानतळावर सोडायला आली तेव्हा मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तिने रडू दिलं. विमान वर गेल्यावर ते सबंध बेट खिडकीत मावलं. माणसांनी समुद्र बुजवून, वाळू नांगरून तिथे बसचे थांबे रोवले होते आणि त्यातल्या एका बसवर माझा माणूस होता. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि सोसतही नव्हतं.

मामंजींना मी परीक्षेआधीच पत्र टाकलं होतं, की निकाल काय लागेल माहीत नाही, नापास झाले तर हेही बरोबर असतील, पण मी अमक्या दिवशीच्या गाडीने येते. वाडीच्या फाट्यावर लाल गाडी थांबली तेव्हा म्हातारा काठी टेकून उभा होता. मी उतरले. ते माझ्या मागे दाराकडे बघत राहिले. कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघून गेली, धुरळा बसला.

"एकटीच आलीस," मामंजी म्हणाले. "म्हणजे पास झाला."

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागले.